रक्तदाबाची गोळी हाडांतले कॅल्शियम काढत नाही

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

आपल्या आरोग्य पुरवणीत उच्च रक्तदाबावर नुकताच जो लेख प्रसिद्ध झाला, त्यातला बराचसा भाग उपयोगी होता. मीठ किती खावे, रक्तदाब मोजताना हात कुठे टेकवावा, मोजण्यापूर्वी पाच मिनिटे का बसावे, हे इतक्या सोप्या भाषेत लिहिलेले सहसा वाचायला मिळत नाही. मात्र त्याच लेखात कॅल्शियम चॅनेल ब्लॉकर गटातल्या गोळ्या शरीरातले कॅल्शियम अडवतात आणि म्हणून त्या दीर्घकाळ घेतल्यास हाडे ठिसूळ होऊ शकतात, अशा आशयाचे एक वाक्य आहे. ते चुकीचे आहे, आणि त्याचा परिणाम मी गेले आठ दिवस माझ्या काउंटरवर पाहतो आहे.

सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी माझे ३१ वर्षांपासून औषधांचे दुकान आहे. लेख आला त्याच्या दुसऱ्या दिवशी एक निवृत्त एसटी वाहक ते कात्रण शर्टाच्या खिशात घडी घालून घेऊन आले. त्यांच्या पत्नीला हाडांसाठी कॅल्शियमची गोळी चालू आहे आणि बीपीसाठी याच गटातली ॲम्लोडिपिन. ‘‘एका हातानं घालायचं आन् दुसऱ्या हातानं काढायचं, हे कसलं औषध? ही बीपीची बंदच करा,’’ असे म्हणून त्यांनी उरलेली अर्धी स्ट्रिप माझ्यासमोर ठेवली. त्यांच्या तर्कात काहीच खोट नव्हती. खोट होती ती औषधाच्या नावावरून त्यांना मिळालेल्या माहितीत. त्यांच्यासारखे आणखी सहा-सात जण आतापर्यंत येऊन गेले. जे आलेच नाहीत आणि ज्यांनी घरच्या घरी गोळी बंद करून टाकली, त्यांची मोजदाद माझ्याकडे असणार नाही.

माणसाच्या शरीरात साधारण एक किलो कॅल्शियम असते आणि त्यातले ९९ टक्के हाडांत आणि दातांत असते. या गोळ्यांचा त्या साठ्याशी संबंध येत नाही. त्या रक्तातल्या कॅल्शियमची पातळी खाली आणत नाहीत, आतड्यातून कॅल्शियम शोषले जाण्यात अडथळा आणत नाहीत आणि लघवीवाटे ते बाहेरही घालवत नाहीत. त्या अडवतात ती फक्त एक विशिष्ट वाट. स्नायूपेशीच्या आवरणात अतिसूक्ष्म दारे असतात, त्यांतून बाहेरचे थोडेसे कॅल्शियम क्षणभर आत येते आणि पेशी आकुंचन पावते. पेशीच्या आतल्यापेक्षा बाहेर मोकळे कॅल्शियम सुमारे १०,००० पटींनी जास्त असल्याने दार किलकिले झाले तरी ते आत घुसते. गोळी ते दार कमी वेळा आणि कमी वेळ उघडू देते, इतकेच. बाहेरचे कॅल्शियम होते तिथेच आणि होते तेवढेच राहते.

हृदयाच्या ठोक्यामागे हे कॅल्शियम आहे, हे जगाला कळले तेदेखील एका चुकीमुळे, आणि ती चूक कबूल करणारा माणूस प्रामाणिक होता म्हणून. लंडनमध्ये सिडनी रिंगर हे डॉक्टर बेडकाचे हृदय मिठाच्या पाण्यात ठेवून ते किती वेळ चालते ते पाहत होते. १८८२ मध्ये त्यांनी निष्कर्ष छापले. नंतर त्यांच्या ध्यानात आले की, आपण ऊर्ध्वपातित पाणी वापरले असे धरून चाललो होतो, प्रत्यक्षात मात्र द्रावण नळाच्या पाण्यात केलेले होते. शुद्ध पाणी वापरताच ठोके दुबळे होत होत हृदय थांबले. नळाच्या पाण्यात जे कॅल्शियम होते, तेच आजवर हृदय चालवत होते. १८८३ मध्ये त्यांनी आधीच्या निष्कर्षाची दुरुस्ती त्याच नियतकालिकात छापली. आज सलाईनच्या ज्या बाटलीवर ‘रिंगर’ हे नाव दिसते, ते या गृहस्थांचेच.

पुढे १९६० च्या दशकात जर्मनीतल्या फ्रायबुर्ग येथे आल्ब्रेख्ट फ्लेकेनश्टाईन यांना असे दिसले की, व्हेरापामिलसारखी काही औषधे दिली की हृदयाच्या स्नायूचे वागणे कॅल्शियम काढून घेतल्यासारखे होते, आणि वरून कॅल्शियम घातले की ते पुन्हा जोर धरते. ‘कॅल्शियमविरोधी’ हे नाव तिथून पडले. प्रयोगशाळेत ते अचूक होते. रुग्णाच्या खिशातल्या कागदावर येईपर्यंत त्याचा अर्थ पार बदलला.

रक्तवाहिन्यांचे म्हणाल, तर बारीक धमन्यांच्या भिंतीत स्नायूंची कडी असतात. दारातून आत आलेले कॅल्शियम कॅल्मोड्युलिन नावाच्या प्रथिनाला चिकटते, त्यातून पुढची साखळी हलते आणि कडे आवळले जाते. गोळीमुळे कॅल्शियम कमी आले की कडे सैल पडते, नळी रुंदावते. नळीच्या त्रिज्येत पडणारा फरक दिसायला किरकोळ असला तरी त्याचा परिणाम मोठा होतो, कारण प्रवाहाला होणारा विरोध त्रिज्येच्या चौथ्या घातावर ठरतो. त्रिज्या अवघी १० टक्क्यांनी वाढली, तर विरोध जवळजवळ एक तृतीयांशाने उतरतो. रक्तदाब कमी होतो तो यामुळे. हृदयाला कमी विरोधाविरुद्ध रक्त ढकलावे लागते आणि त्याच्या स्वतःच्या धमन्याही रुंदावतात, म्हणून चालताना छातीत भरून येणाऱ्या रुग्णालाही या औषधांनी आराम पडतो. हातापायांच्या स्नायूंवर मात्र त्यांचा असा परिणाम होत नाही, कारण ते आकुंचनासाठी बाहेरून येणाऱ्या कॅल्शियमवर अवलंबून नसतात. त्यांचा साठा पेशीच्या आतच असतो. ही गोळी घेऊन माणूस अजिंक्यताऱ्याचा चढ चढू शकतो, तो त्यामुळेच.

आता ज्या मुद्द्यावर आपल्या लेखात काहीच नव्हते, त्याकडे वळतो. कॅल्शियम चॅनेल ब्लॉकर या एका नावाखाली दोन अगदी वेगळ्या स्वभावांची औषधे आहेत आणि एकाविषयीचा सल्ला दुसऱ्याला लावणे धोक्याचे आहे. ज्यांच्या नावाच्या शेवटी ‘डिपिन’ येते, म्हणजे निफेडिपिन, ॲम्लोडिपिन, सिल्निडिपिन वगैरे, ती मुख्यतः रक्तवाहिन्यांवर काम करतात. रक्तवाहिनीच्या स्नायूपेशीच्या आतबाहेरचा विद्युतदाब हृदयाच्या पेशीइतका ऋण नसतो आणि त्या स्थितीतले दार ही औषधे अधिक घट्ट पकडून ठेवतात. म्हणून नेहमीच्या मात्रेत त्यांचा हृदयाच्या जोरावर थेट परिणाम नगण्य असतो. व्हेरापामिल आणि काही प्रमाणात डिल्टियाझेम यांचे तसे नाही. वारंवार उघडझाप होणारे दार व्हेरापामिल अधिक पकडते, आणि अशी दारे हृदयात असतात. त्यातही हृदयात दोन जागा अशा आहेत की, तिथला विजेचा ठोका सोडियमवर नव्हे तर कॅल्शियमवरच उठतो. एक, जिथे ठोका जन्म घेतो ती जागा. आणि दुसरी, वरच्या कप्प्यांतून खालच्या कप्प्यांत तो जिथून जातो तो नाका. व्हेरापामिल या नाक्यावरची ये-जा मंदावते. म्हणून अचानक धडधड सुरू होऊन नाडी १८० वर गेलेल्या काही रुग्णांना ते वरदान ठरते, आणि म्हणूनच आधीच ॲटेनोलॉल किंवा मेटोप्रोलॉल ही नाडी मंदावणारी औषधे चालू असलेल्याला ते जोडून दिले तर नाका साफ बंद पडून नाडी धोकादायकरीत्या मंदावू शकते. हृदयाची रक्त ढकलण्याची ताकदच कमी झालेल्या रुग्णाने व्हेरापामिल आणि डिल्टियाझेम टाळायची असतात. ॲम्लोडिपिन गरज पडल्यास अशा रुग्णालाही देता येते. शेजाऱ्याला ‘त्याच गटातली’ गोळी लागू पडली म्हणून मागायला येणारे गिऱ्हाईक मी परत पाठवतो ते यासाठी. त्यात माझा हेकेखोरपणा नाही.

या गटाचा इतिहास निर्दोष आहे असा माझा दावा नाही. मी दुकान सुरू केले तेव्हा निफेडिपिनची मऊ कॅप्सूल सुईने टोचून जिभेखाली पिळणे हा रक्तदाब ‘उतरवण्याचा’ सर्रास मार्ग होता. दहा-पंधरा मिनिटांत पारा धाडकन खाली यायचा आणि घरचे खूश व्हायचे. पण वर्षानुवर्षे चढ्या दाबाला सरावलेल्या मेंदूला तो अचानक उतरला की रक्त कमी पडते, आणि दाब कोसळल्याने घाबरलेले शरीर हृदयाला जोरात पळवते. पक्षाघात आणि हृदयविकाराचे झटके आल्याच्या नोंदी जमत गेल्या आणि १९९६ मध्ये अमेरिकेतल्या वैद्यकीय नियतकालिकात ही पद्धत थांबवावी, अशी उघड मागणी झाली. गंमत म्हणजे ते औषध जिभेखालून फारसे शोषलेही जात नाही. लाळेबरोबर गिळले जाते तेव्हाच लागू पडते. आजही एखादे आजोबा ‘ती टोचायची गोळी’ मागतात, तेव्हा मला त्यांना बसवून हे सांगावे लागते.

ॲम्लोडिपिन वेगळे ठरले ते त्याच्या संथपणामुळे. गोळी घेतल्यावर रक्तातली पातळी सर्वांत वर जायलाच ६ ते १२ तास लागतात, आणि एकदा चढलेली पातळी निम्म्यावर यायला ३० ते ५० तास जातात. हा संथपणा हृदयाला धक्का बसू देत नाही, पण त्याच्यामुळे लोकांची दोन तऱ्हांनी फसगत होते. कुणी गोळी सुरू केल्याच्या दुसऱ्या दिवशी बीपी मोजतो आणि औषध लागू पडत नाही म्हणून डॉक्टर बदलतो. खरे तर पूर्ण परिणाम दिसायला आठवडाभर किंवा त्याहून अधिक थांबावे लागते. दुसरी फसगत याहून वाईट. कुणी आपल्या लेखासारखे काही वाचून दोन दिवस गोळी सोडतो, बीपी मोजतो, १३० च्या आत येते आणि म्हणतो, ‘‘बघा, गोळीवाचूनसुद्धा नॉर्मल आहे.’’ त्याचे बीपी नॉर्मल आहे ते तीन दिवसांपूर्वीच्या गोळीमुळे. ती पुरती उतरायला आणखी आठवडा जाईल आणि तोवर पुन्हा मोजायचा उत्साह मावळलेला असेल.

हे सगळे आमच्या जिल्ह्यात अधिकच महत्त्वाचे आहे. उच्च रक्तदाब नियंत्रणाचा जो राष्ट्रीय उपक्रम २०१७ मध्ये सुरू झाला, त्याच्या पहिल्या टप्प्यात महाराष्ट्रातून भंडारा, वर्धा आणि सिंधुदुर्ग यांच्याबरोबर सातारा होता, आणि सरकारी आरोग्य केंद्रात बहुतेक रुग्णांना सुरुवातीला मिळते ती ॲम्लोडिपिन ५ मिलिग्रॅम. ती स्वस्त आहे, दिवसातून एकदा घ्यायची असते आणि पक्षाघात टाळण्यात तिची कामगिरी मोठमोठ्या चाचण्यांत तपासली गेली आहे. २००२ मध्ये निष्कर्ष आलेल्या अमेरिकेतल्या एका चाचणीत तर ३३,००० हून अधिक रुग्ण होते. त्यांत ॲम्लोडिपिन आणि क्लोरथॅलिडोन (रक्तदाबासाठी दिली जाणारी लघवीची गोळी) या दोन गोळ्यांत हृदयविकाराच्या झटक्यांबाबत फरक दिसला नाही, मात्र हृदय कमजोर पडण्याचे प्रमाण ॲम्लोडिपिन घेणाऱ्यांत जास्त आढळले. लेखकाला धोक्याची सूचना द्यायचीच होती, तर ही द्यायला हवी होती. हाडांची नव्हे.

किंवा पायांची द्यायची. या गोळीचा सर्वांत नेहमीचा त्रास म्हणजे घोट्याशी सूज, आणि तिच्याविषयी आपल्या लेखात एक शब्द नव्हता. ही सूज शरीरात पाणी साचल्यामुळे येत नाही. आमच्याकडच्या कुणाही शेतकऱ्याला हे लगेच पटते: पाटाचे दार मोकळे सोडले आणि शेताच्या खालच्या अंगाचा चर तेवढाच अरुंद ठेवला, तर पाणी वावरात पाझरणारच. ॲम्लोडिपिन बारीक धमनीचे दार उघडते, शिरेकडची वाट मात्र पूर्वीइतकीच राहते. मधल्या केशवाहिन्यांत दाब वाढतो आणि द्रव बाहेर झिरपतो. दिवसभर उभे राहिले की संध्याकाळी सूज जास्त, सकाळी उठल्यावर कमी. ५ मिलिग्रॅमपेक्षा १० ला ती कितीतरी जास्त दिसते, आणि पुरुषांपेक्षा बायकांना अधिक. ज्या सुजेचे मूळ साचलेले पाणी नाही, ती लघवीच्या गोळीने फारशी ओसरतही नाही.

याचे उदाहरण मी माझ्याच दुकानातले देतो, आणि त्यात दोष माझाही आहे. शेजारच्या गल्लीतल्या एक मावशी, वय साठीच्या पुढे, ॲम्लोडिपिन १० घेत होत्या. काही आठवड्यांनी त्यांच्या पायाची जोडवी रुतायला लागली. त्यांनी ती काढून ठेवली आणि एका डॉक्टरांना पाय दाखवले. चिठ्ठीवर लघवीची गोळी वाढली. महिन्याभराने रात्री पोटऱ्यांत वांब येऊ लागले, तेव्हा तिसरे औषध म्हणून पोटॅशियमचे सिरप आले. ही तिन्ही औषधे चार महिने मीच मोजून दिली, पिशवीत घातली, पैसे घेतले. एका रात्री तिसऱ्यांदा लघवीला उठलेल्या मावशी न्हाणीघराच्या उंबऱ्यापाशी पडल्या आणि त्यांचे मनगट मोडले. गोळीने हाड ठिसूळ केले नव्हते. गोळीचा त्रास न ओळखता दिलेल्या दुसऱ्या गोळीने त्यांना रात्री तीनदा उठवले होते.

प्लास्टर घातलेला हात घेऊन त्या आल्या, तेव्हा कुठे मी त्यांची जुनी चिठ्ठी मागितली आणि तारखा ओळीने लावल्या. नंतर दुसऱ्या डॉक्टरांनी ॲम्लोडिपिन १० वरून ५ वर आणली, तिच्या जोडीला टेल्मिसार्टन ही रक्तदाबाचीच दुसऱ्या गटातली गोळी दिली, लघवीची गोळी आणि सिरप दोन्ही थांबवले आणि रक्त तपासून घेतले. टेल्मिसार्टनसारखे औषध शिरेकडची वाटही थोडी रुंदावते, म्हणजे शेताच्या खालचा चर मोकळा करते, म्हणून ही जोडी सुजेला बरी पडते. तीन आठवड्यांनी मावशी जोडवी घालून दुकानात आल्या आणि काही न बोलता त्यांनी पाय पुढे करून दाखवला.

पायाची प्रत्येक सूज या गोळीमुळेच असते, असा याचा अर्थ कुणी काढू नये. एकाच पायाला सूज, सुजेबरोबर धाप, सकाळी चेहऱ्यावर सूज, काही दिवसांत भराभर वाढलेले वजन, यांपैकी काही असेल तर वेगळा विचार करावा लागतो आणि तो डॉक्टरांनीच करायचा. माझे म्हणणे इतकेच की, गोळी लिहून देताना ‘घोटे सुजले तर गोळी बंद करू नका, मला दाखवा’ हे एक वाक्य सांगायला अर्धे मिनिट लागते, आणि ते न सांगितल्यामुळे रुग्ण एकतर गोळी सोडतो, नाहीतर गोळ्यांची रांग वाढवून घेतो.

काउंटरवरून दिसणारी आणखी एक गोष्ट ओघात सांगून टाकतो. बाजारात एस-ॲम्लोडिपिन म्हणून जी गोळी मिळते, ती २.५ मिलिग्रॅमची असली तरी साध्या ॲम्लोडिपिनच्या ५ इतके काम करते. आकडा निम्मा पाहून दोन गोळ्या घेणारे मी पाहिले आहेत. जोडगोळ्यांच्या नावापुढे ‘एएम’ ही अक्षरे असली की आत ॲम्लोडिपिन आहे, हे ठाऊक नसल्याने जोडगोळी आणि साधी गोळी दोन्ही एकाच वेळी घेणारेही आहेत. आणि घसा किंवा छाती धरली म्हणून क्लॅरिथ्रोमायसिन हे प्रतिजैविक घेतले जाते, तेव्हा ते यकृतात या गोळ्यांचा निचरा रोखते. म्हाताऱ्या माणसांत त्याने रक्तदाब एकदम खाली येऊ शकतो. यासाठी चिठ्ठी नवी असली तरी जुन्या गोळ्यांची पिशवी बरोबर आणावी, असा माझा आग्रह असतो, आणि त्याचा लोकांना कंटाळा येतो, हेही मला माहीत आहे.

एसटीतून निवृत्त झालेल्या त्या गृहस्थांना मी हे सगळे सांगितले नाही, गर्दी होती. मी फक्त त्यांची अर्धी स्ट्रिप परत त्यांच्या हातात दिली आणि म्हणालो, ‘‘दोन्ही गोळ्या चालू ठेवा, दोघींची एकमेकींशी गाठच पडत नाही.’’ त्यांनी कात्रणाकडे बोट दाखवून विचारले, ‘‘मग हे पेपरात छापलंय ते?’’ त्याचे उत्तर मी देऊन भागणार नाही. आपण पुढच्या पुरवणीत ती दुरुस्ती त्याच पानावर आणि मूळ वाक्याइतक्याच ठळक अक्षरांत छापावी, ही विनंती. ते कात्रण मी ठेवून घेतले आहे. दुरुस्ती आली की त्याच्या शेजारी काउंटरच्या काचेखाली लावीन.

आपला विश्वासू,
एक औषधविक्रेता, जि. सातारा